जिममधले शंभर आणि स्पर्धेतले शंभर

जळगाव असो, भुसावळ असो की शहादा, जिममध्ये नवा पोरगा दिसला की दोन दिवसांत त्याला एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, बेंच कितला मारस?" म्हणजे बाकावर आडवं पडून छातीवरून किती किलोचा रॉड वर ढकलतोस? स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बसून उठणं, कोणी विचारत नाही, पाठीचा व्यायाम तर कोणाच्या गावीही नसतो. उत्तर शंभर आलं की समोरच्याची मान हलते आणि पोरगा "आपल्यातला" होतो.

पण हे शंभर कसे उचलले जातात ते एकदा नीट बघा. रॉड वेगात खाली येतो, छातीवर आपटून उसळतो, ढुंगण बाकावरून वीतभर वर जातं, आणि डोक्यामागे उभा असलेला मित्र दोन्ही हातांनी रॉड ओढत ओरडत असतो, "तूच उचलतोय, तूच!" तोच पोरगा पंचांसमोर आडवा झाला तर दहा-पंधरा किलो कमी भरतील, आणि त्यात त्याच्या ताकदीचा काही दोष नसेल. तो आजवर वेगळाच व्यायाम करत आला आहे, एवढंच. बेंच प्रेसच्या खेळाडूचं अख्खं आयुष्य या दोन शंभरांमधल्या फरकावर बेतलेलं असतं.

आधी खेळ कोणता ते सांगतो, कारण घरोघरी गोंधळ असतो. ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू डोक्यावर वजन उचलते, ते वेटलिफ्टिंग. आपण बोलतोय ते पॉवरलिफ्टिंग. त्यात तीन उचल असतात: स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं. तिन्हींची बेरीज करून निकाल लागतो, आणि फक्त बेंच प्रेसच्या वेगळ्या स्पर्धाही होतात, अगदी जागतिक पातळीपर्यंत. 1972 साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ या खेळाचे नियम ठरवतो. इतर संघटनाही आहेत आणि त्यांचे नियम थोडे वेगळे असतात. इथे मी महासंघाचेच नियम धरून चाललो आहे.

पॉवरलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरालिम्पिकमध्ये मात्र आहे, आणि तिथे फक्त बेंच प्रेसच असते, कारण तो खेळ पायांना अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. पाय जमिनीवर न टेकवता बाकावरच सरळ ठेवून उचलायचं असतं. 2004 मध्ये अथेन्सला राजिंदर सिंग राहेलू यांनी भारताला त्यात ब्राँझ मिळवून दिलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीर यांनी 212 किलो उचलून सुवर्ण जिंकलं. इराणच्या सियामंद रहमान यांनी 2016 मध्ये रिओला 310 किलो उचलले होते. पायांचा जोर न घेता. आपल्या जिममध्ये छाती फुगवून फिरणाऱ्यांनी हा आकडा आरशाशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष उचल. स्पर्धेतला रॉड 20 किलोचा असतो आणि दोन्ही बाजूंची कॉलर, म्हणजे प्लेटा घसरू नयेत म्हणून लावायची कडी, अडीच-अडीच किलोची. म्हणजे शंभर लावायचे तर प्रत्येक बाजूला 25, 10 आणि अडीचची प्लेट. बाक 42 ते 45 सेंटिमीटर उंच. रॉडवर दोन खुणा असतात, त्यांच्यातलं अंतर 81 सेंटिमीटर. तर्जनी त्या खुणेच्या बाहेर जाता कामा नये. अंगठा रॉडभोवती वळलेला हवाच. अंगठा मोकळा सोडून रॉड नुसता तळहातावर ठेवायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे, पण स्पर्धेत ती चालत नाही. घरीही चालू देऊ नका. रॉड घसरला तर थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो.

खेळाडू आडवा होतो. डोकं, खांदे आणि ढुंगण बाकाला टेकलेलं, तळवे जमिनीवर सपाट. हवं तर मागचा माणूस रॉड काढून हातात देतो. कोपरं ताठ करून रॉड स्थिर झाला की मुख्य पंच म्हणतो, "स्टार्ट". मग रॉड खाली, छातीपर्यंत. तिथे तो पूर्ण थांबला पाहिजे. थांबला असं पंचाला दिसलं की हुकूम येतो, "प्रेस". मग वर. कोपरं पुन्हा ताठ, रॉड स्थिर, आणि शेवटचा हुकूम, "रॅक". तेव्हाच रॉड जागेवर ठेवायचा. तीन पंच, तीन दिवे. दोन पांढरे लागले तर उचल मान्य, दोन लाल लागले तर बाद.

बाद होण्याची कारणं वाचली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण वजन न पेलणं हे त्यातलं एकच. "प्रेस" आधी ढकललं, बाद. "रॅक" आधी ठेवलं, बाद. ढुंगण उचललं, बाद. वर जाताना रॉड पुन्हा खाली आला, बाद. पहिल्यांदा उतरलेली पोरं वजनापेक्षा हुकमांवरच जास्त आपटतात. इतका जोर लावून वर नेलेला रॉड आनंदाच्या भरात अर्धा सेकंद आधी ठेवतात आणि लाल दिवे बघत बसतात.

2023 च्या जानेवारीपासून आणखी एक नियम आला. रॉड छातीवर असताना दोन्ही कोपरांची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीइतकी तरी खाली गेली पाहिजे. झालं असं होतं की लवचिक खेळाडू पाठीची एवढी कमान करायचे आणि हात इतके रुंद धरायचे की रॉड जेमतेम चार बोटं हलायचा. बघणाऱ्यांना ती उचलच वाटायची नाही. नियमावर वाद झाला. माझ्या मते नियम योग्य आहे. कमान करण्यात गैर काही नाही, पण रॉड हललेला दिसला तरी पाहिजे.

त्या थांबण्यात एवढं काय आहे? स्नायू भार घेऊन ताणला गेला आणि लगेच आखडला, तर तो जास्त जोरात ढकलतो. ताणलेल्या स्नायूंमध्ये आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांमध्ये साठलेला जोर परत मिळतो. उभ्या उभ्या उडी मारताना आपण आधी गुडघ्यात वाकतो ते यामुळेच. वाकून तसेच थांबलात आणि मग उडी मारलीत तर ती कमी जाते. बेंचवर रॉड छातीवर थांबवला की हा फुकटचा जोर बराचसा निघून जातो, आणि अगदी शून्यातून, तेही छाती सर्वात जास्त ताणलेल्या अवस्थेत, ढकलायला सुरुवात करावी लागते. उसळी मारून शंभर नेणाऱ्याने आयुष्यात कधी हा तळ अनुभवलेलाच नसतो.

गंमत अशी की थांबा किती लांबेल हे बरंचसं खेळाडूच्याच हातात असतं. रॉड छातीवर येऊन लगेच निश्चल झाला तर पंच लवकर "प्रेस" म्हणतो. छातीत रुतत राहिला, हात थरथरले, तर पंच वाट बघत राहतो आणि दम संपत जातो. म्हणून चांगला खेळाडू रॉड खाली सोडत नाही, तो खाली आणतो. पाठीचे स्नायू आवळून, एकाच वेगाने, दर वेळी छातीच्या त्याच जागी, साधारण स्तनाग्रांच्या किंचित खाली.

पाठ म्हटल्यावर लोक हसतात, छातीच्या व्यायामात पाठ कशाला? काळ्या मातीच्या चिखलात उभं राहून रुतलेला ट्रॅक्टर ढकलून बघा. अंगात जोर कितीही असू दे, पायाखालची जमीनच सरकली तर तो जोर ट्रॅक्टरपर्यंत पोचत नाही. बाकावर तुमची जमीन म्हणजे खांद्यांची पाती. ती मागे आणि खाली ओढून बाकात घट्ट रोवली की खांदा डगमगत नाही, छाती वर येते आणि रॉडला जायचं अंतर थोडं कमी होतं. पाय जमिनीवर दाबून अंग डोक्याच्या दिशेने ढकललं की ही सगळी मांडणी आणखी कडक होते. ढकलायचं काम छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू, म्हणजे ट्रायसेप्स, हे तिघे करतात. पण त्यांना उभं राहायला जागा पाठ आणि पाय देतात.

रॉडही सरळ वर जात नाही. छातीच्या खालच्या भागावरून निघून तो थोडा डोक्याकडे झुकत खांद्यांच्या वर येतो. छातीपासून काही इंचांवर प्रत्येकाची एक अडकण्याची जागा असते, जिथे रॉड मंदावतो. तिथे हरला तर सगळं हरलं. तालमीतला अर्धा विचार या काही इंचांसाठी असतो.

तालीम कशी असते? कंटाळवाणी. हे आधीच सांगितलेलं बरं. जिममध्ये सोमवार म्हणजे छातीचा वार, त्या दिवशी बाकापुढे रांग आणि पुढचे सहा दिवस बाक मोकळा. स्पर्धक आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही जण चार वेळा बेंच करतात, पण थकून कोसळेपर्यंत क्वचितच जातात. समजा एखाद्याची सर्वोच्च उचल 120 आहे. त्याचा एक दिवस 90 किलोवर पाच-पाच रेपच्या चार-पाच सेटचा असेल (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप, न थांबता केलेल्या रेपचा एक सेट), प्रत्येक रेप छातीवर थांबवून. दुसरा दिवस 100 च्या आसपास दोन-तीन रेपचा. तिसरा दिवस हलका: हात जवळ धरून, किंवा रॉड छातीवर तीन सेकंद थांबवून. सोबत रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), खांद्यावरून वर ढकलणं, डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं). दोन जड सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती. ही विश्रांती आपल्याकडे आळस समजली जाते आणि जिमवाला काका येऊन "बसलात काय?" म्हणतो. ताकदीच्या व्यायामात विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे.

सुरुवातीच्या काही महिन्यांत आकडा भराभर वाढतो. तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात, मेंदू आणि नसा आहे त्या स्नायूंना एकदम कामाला लावायला शिकत असतात. पुढे वेग मंदावतो. जुन्या खेळाडूने वर्षभरात पाच किलो वाढवले तर ते चांगलं वर्ष. म्हणून त्यांच्या पिशवीत अर्धा, एक, सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा असतात. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये अडीचपेक्षा लहान प्लेटच मिळत नाही, आणि पोरं एकदम पाच किलोची उडी मारून महिनोन्महिने तिथेच अडकतात.

तालुक्याच्या जिममधला रॉड 20 किलोचा असेलच असंही नाही, आणि 20 लिहिलेली प्लेट 20 भरेलच असंही नाही. स्पर्धेची तयारी करायची असेल तर एकदा रॉड आणि प्लेटा ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर घालून घ्या. कापूस-ज्वारी मोजणारा काटा लोखंडही तेवढ्याच इमानाने मोजतो. खरं वजन खडूने प्लेटवर लिहून टाका. बाकही बघा. फार उंच असेल तर बुटक्या माणसाचे तळवे टेकत नाहीत, फार अरुंद असेल तर पाती रोवायला जागा मिळत नाही.

दर चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका घेतात. स्पर्धेआधी शेवटचे आठ-दहा दिवस तर जवळजवळ काहीच जड नसतं. या दिवसांत पोरांचा जीव खालीवर होतो, "ताकद जाईल" म्हणून गुपचूप जाऊन 110 मारून येतात. ताकद दहा दिवसांत जात नाही. जातो तो थकवा.

खानदेशात तालमीची वेळ ऊन ठरवतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तर दुपारी रॉडला हात लावता येत नाही. म्हणून पहाटे पाच-साडेपाच, नाहीतर रात्री नऊनंतर. रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत पाळीने काम करणाऱ्याचं वेळापत्रक दर आठवड्याला फिरतं, त्याला झोपेची मोट बांधणं हेच सर्वात जड वजन वाटतं. घामाने तळहात निसटतात, त्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर लावतात. पाठीला लावली तर टी-शर्ट बाकावरून सरकत नाही. टाल्कम पावडर चुकूनही नाही, तिने उलट घसरतं.

जेवणाबद्दल इतका गाजावाजा झाला आहे की आया घाबरून जातात. ताकद वाढवणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिनं पुरतात. 74 किलोच्या माणसाला सुमारे 120 ग्रॅमपासून पुढे. शाकाहारी घरात हे जमतं का? हिशेब करा. अर्धा लिटर दूध 16 ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरडी डाळ 22, पन्नास ग्रॅम सोयावडी 26, पन्नास ग्रॅम शेंगदाणे 12. आणि आपली कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या त्या 300 ग्रॅम पिठात 35 ते 40 ग्रॅम प्रथिनं निघतात, नुसत्या ज्वारीपेक्षा बरीच जास्त. म्हणजे 110-115 तर घरच्या ताटातच झाले, अंडी खाणाऱ्याला तर काळजीच नको. व्यायामाआधी रावेर-यावलची दोन केळी. पैसे उरले तर क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीसाठीची पूरक पावडर, रोज 3 ते 5 ग्रॅम. त्याचा उपयोग होतो हे पुष्कळ वेळा तपासलं गेलं आहे. बाकीच्या चकचकीत डब्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

खरी अडचण कमी खाण्याची नसते, वजनगटाची असते. पुरुषांचे गट 59, 66, 74, 83, 93, 105, 120 आणि त्यावरचे. बायकांचे 47, 52, 57, 63, 69, 76, 84 आणि त्यावरचे. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, भरीत पार्ट्यांचा सपाटा सुरू होतो, आणि 74 वाला जानेवारीत 78 होतो. मग स्पर्धा आली की पाणी तोडणं, उन्हात स्वेटर घालून पळणं. खानदेशच्या उन्हाळ्यात हा वेडेपणा आहे. उष्माघात आणि किडनीला इजा, दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. त्यात वजन तपासणी स्पर्धेच्या फक्त दोन तास आधी सुरू होते. गेलेलं पाणी एवढ्या वेळात पुरतं भरून येत नाही, आणि ताकदही सोबत जाते. नवख्याने ज्या वजनाचा आहे त्याच गटात उतरावं.

मुलींबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे मुलगी बाकावर आडवी झाली की कोणीतरी "अंग पुरुषी होईल" म्हणतंच. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे ताकद भरपूर वाढते पण ते भारदस्त अंग सहज होत नाही. 52 किलोची मुलगी स्वतःच्या वजनाइतकी बेंच थांबवून मारत असेल, तर तिच्या शेजारच्या बाकावर 90 उसळवणाऱ्याने तिच्याकडून काहीतरी शिकावं.

इजा. खांदा आणि कोपर ही नेहमीची ठिकाणं. बहुतेक वेळा कारण एकच, स्नायू वाढले त्या वेगाने कंडरा वाढत नाहीत आणि माणूस घाई करतो. सर्वात वाईट म्हणजे छातीचा स्नायू फाटणं. ते बहुधा जड रॉड खाली येत असतानाच होतं, वर जाताना नाही. फट असा आवाज, काखेच्या पुढे काळंनिळं, छातीचा आकार बदललेला. अशा वेळी मालिश करणाऱ्याकडे न जाता सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जावं, कारण पूर्ण तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने लवकर जोडली तर निकाल चांगला येतो. एकट्याने बेंच करत असाल तर कॉलर लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला तिरका करून प्लेटा पाडता येतात. आवाज होईल, जिमवाला ओरडेल, पण जीव वाचेल.

आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं. लहान शहरांत ती किती सहज मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. हृदयावरचा परिणाम आणि वंध्यत्व हे तर आहेच. शिवाय महासंघाच्या स्पर्धांत उत्तेजक चाचणी होते, आणि मूत्रात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची असते. "डब्यात भेसळ होती" हे सांगून सुटका होत नाही.

फुल शर्टाची बेंच म्हणजे काय, असं कोणी विचारेल. जाड, ताठ कापडाचा घट्ट शर्ट घालून मारतात, तो खाली येताना ताणला जातो आणि वर ढकलायला मदत करतो. त्याला इक्विप्ड म्हणतात, साध्या प्रकाराला क्लासिक. तुम्ही क्लासिकच करा, मनगटाच्या पट्ट्या आणि बेल्ट त्यात चालतात.

आता स्पर्धेचा दिवस. सिंगलेट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, आणि साधा टी-शर्ट लागतो, हाफपँटवर उभं राहू देत नाहीत. वजन करताना पहिल्या उचलीचा आकडा द्यायचा असतो. प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि एकदा मंचावर प्रयत्न केलेल्या वजनापेक्षा कमी वजन पुढच्या संधीला मागता येत नाही. नाव पुकारल्यावर एका मिनिटात उचल सुरू करावी लागते. तिन्ही बाद झाल्या तर निकालपत्रात काहीच राहत नाही, म्हणून पहिली उचल अशी ठेवतात की झोप झालेली नसताना, वाईटातल्या वाईट दिवशीही तिचे तीन रेप थांबवून निघाले असते. 120 वाल्याने 110 ने उघडावं, मग 115-117.5, आणि तिसऱ्याला काय उरलंय ते बघावं. दोघांनी सारखंच उचललं तर ज्याचं शरीर हलकं तो वर.

उचल झाली की पुढचा आकडा टेबलावर द्यायलाही एकच मिनिट असतं. दिला नाही तर मान्य उचलीवर अडीच किलो आपोआप चढतात, बाद झाली असेल तर तेच वजन पुन्हा येतं. त्यामुळे मंचावरून उतरल्यावर पोरांशी हात मिळवत फिरू नका. एका भरवशाच्या मित्राला आधीच सगळे आकडे कागदावर लिहून द्या, मान्य झाली तर कोणता आणि बाद झाली तर कोणता, आणि त्याला टेबलापाशीच उभा करा.